कल्ट आहे, कारण तो मरतो

३ तारीख, सोमवार
थिएटरमध्ये हा महिना कल्ट सिनेमांचा. नकाशेवाल्या नायकाचा जुना साहसी सिनेमा त्यात बसतो का, यावरून फिल्म क्लबच्या मेंबरांत दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात, घ्याच. बाकीचे म्हणतात, जो आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना आवडतो तो लाडका सिनेमा; कल्ट म्हणजे आधी दणकून आपटलेला आणि मग मूठभर वेड्यांनी डोक्यावर घेतलेला. थिएटर चालवणाऱ्या मॅडमनी निकाल माझ्यावर सोपवला. पंधराला शो आहे, त्याआधी स्टेजवर टिपण वाचायचं. जमलं तर प्रोबेशन संपलं, मी कन्फर्म.
 
संकल्प: पूर्णपणे ऑब्जेक्टिव्ह राहायचं.

४ तारीख, मंगळवार
प्रामाणिकपणे नोंदवायला हवं की हा सिनेमा आमच्या घरी जरा जास्त पाहिला गेला आहे. बाबा फर्निचरला पॉलिश करतात. मी शाळेत जायला लागले त्या सुमाराला एका गिऱ्हाइकाने घर सोडताना त्यांना जुना व्हीसीआर देऊन टाकला. त्याच्या पोटात एकच कॅसेट होती, कोणीतरी टीव्हीवरून उतरवून घेतलेली. ही. दुसरी आणायची गरज कोणाला वाटली नाही.
सिनेमातला खलनायक, सोनेरी दातवाला, तोंड उघडायच्या आत बाबा त्याचं वाक्य बोलून टाकतात. आत्या नकाशेवाल्याला मागे बघ म्हणून सांगते. तो ऐकत नाही, याचा तिला दरवेळी नव्याने राग येतो. शेवटी तो दरीवर लटकलेला, वर सोनेरी दातवाला सुरीने दोरी कापतोय, दोन पदर उरतात आणि पडदा काळा. मग आम्ही सगळे एक मिनिट उभे राहतो. हा पायंडा बाबांचा. माणूस गेला की उभं राहावं, म्हणतात.
याचा माझ्या निःपक्षपातीपणाशी काही संबंध नाही.

६ तारीख, गुरुवार
मुद्दा सापडला! शेवट. लाडका सिनेमा नायकाला घरी पोचवतो. हा त्याला दरीवर सोडून देतो. म्हणजे लोकांना तो चुकून आवडलाय, मुळात तो कल्टच. लिहिलं: ‘उरलेले दोन पदर म्हणजे प्रेक्षकाची आशा आणि दिग्दर्शकाची हिंमत.’ हे लिहून झाल्यावर उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.
सिनेमा पुन्हा पाहावा का? नको. पाठ असलेला धडा परीक्षेआधी उघडून बघणं म्हणजे कॉपीच.

९ तारीख, रविवार
घरी टिपणाबद्दल काहीही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. जेवताना सांगितलं.
आत्याने विचारलं, कल्ट म्हणजे काय. मी समजावलं: मोजकेच लोक असतात, तोच सिनेमा पुन्हा पुन्हा बघतात, मध्येच वाक्यं बोलतात, त्यांच्या काही ठरलेल्या रीती असतात. आत्या म्हणाली, असे लोक आपण तर कधी पाहिले नाहीत बाई. बाबा म्हणाले, असतात शहरात रिकामटेकडे.
आई म्हणाली, हिला विचारा, शिकलेली आहे. आमच्या घरात हा शेवटचा शब्द असतो. टीव्ही बंद पडला तरी मलाच विचारतात.
तिघंही शोला येणार आहेत. फुकटचे पास मी तत्त्व म्हणून नाकारले. आई लॉन्ड्रीत इस्त्री करते. तिथे तिने सगळ्यांना सांगून टाकलंय की आमची मुलगी सिनेमाचा निकाल देणार आहे.

११ तारीख, मंगळवार
मॅडमना कच्चं टिपण दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन विचारलं, शेवट पुन्हा पाहिलास ना? मी म्हटलं, पाठ आहे. त्या म्हणाल्या, त्यांच्या आठवणीप्रमाणे शेवटी लग्न-बिग्न होतं.
बिचाऱ्या. वयाने असं होतं. मन स्वतःच्या सोयीचा शेवट रचतं. मी यावर एक नवा परिच्छेद घातला: ‘सामूहिक विस्मरण.’ मॅडमचं नाव अर्थातच घातलं नाही.

१३ तारीख, गुरुवार
प्रोजेक्टरवरचा ऑपरेटर जिन्यात भेटला. म्हणाला, मी शोच्या पत्रकात लिहिलेल्या वेळेपेक्षा सिनेमा बराच लांब आहे. मी म्हटलं, नावं असतात शेवटी. तो म्हणाला, वीस-पंचवीस मिनिटं नावं? मी म्हटलं, मोठा सिनेमा आहे, माणसं खूप लागली असतील.
लोकांना तांत्रिक गोष्टींतलं सगळं कळतंच असं नाही.

१४ तारीख, शुक्रवार
घरच्यांना नियम दिले. बोलायचं नाही. वाक्यं आधी म्हणायची नाहीत. आत्याने चपला काढून मांडी घालायची नाही. बाबांनी विचारलं, शेवटी उभं राहायचं की नाही? विचार करून परवानगी दिली. सिनेमा संपल्यावर सगळेच उभे राहतात, कोणाच्या लक्षात येणार नाही.

१५ तारीख, शनिवार, सकाळ
अजिबात भीती नाही. दोनदा ओकारी झाली, पण ती स्वतंत्र बाब आहे.

१५ तारीख, संध्याकाळ
थोडक्यात लिहिते.
टिपण छान झालं. टाळ्या पडल्या. ‘दिग्दर्शकाची हिंमत’ला एका मेंबराने मान डोलावली. ‘सामूहिक विस्मरण’ला बऱ्याच जणांनी एकमेकांकडे पाहिलं. मी ती प्रशंसा समजले.
सिनेमाही छान चालला. दोरीपर्यंत.
दोन पदर उरले. पडदा काळा झाला. बाबा, आई, आत्या उभे राहिले, हात जोडून, मधल्या रांगेत. मीही. आणि तेवढ्यात पडद्यावर उजेड आला. विमानाचा आवाज. मागून लोक ओरडायला लागले, बसा, खाली बसा. आत्याने पडद्याकडे बोट केलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली, “अगं बाई, हा तर जिवंत आहे.”
लोक हसले. खूप वेळ हसले.
बाबा हसले नाहीत. आपण उठलोय, आता परत कसं बसायचं, असं काहीसं पुटपुटून ते रांगेतून बाहेर पडले. मी त्यांच्यामागे धावले. लॉबीत पोस्टरखाली बाकावर बसून होते. हाताच्या बोटांना पॉलिशचा तपकिरी रंग होता, तो दुसऱ्या हाताने खरवडत होते. आतून बँडचा आवाज यायला लागला, बहुतेक लग्नाचा.
बाबा म्हणाले, “वाचला ते चांगलंच झालं. पण मग इतकी वर्षं आपण कुणासाठी उभे राहत होतो?”
मी शिकलेली आहे.  मी त्यांच्याशेजारी बसून राहिले, आतले दिवे लागेपर्यंत.

१६ तारीख, रविवार
काही लिहिण्यासारखं नाही. कोणी कॅसेट लावली नाही. दोरीपाशी टेप संपली होती, सिनेमा नव्हे. आत्या मात्र एकदम खुशीत. आई आणि ती सगळं आत बसून बघून आल्या. मला सांगायला लागल्या, तर मी म्हटलं, बाबांसमोर नको.

१७ तारीख, सोमवार
मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. रागावल्या नाहीत, तेच वाईट.
“टिपण उत्तम आहे,” त्या म्हणाल्या. “फक्त दुसऱ्याच सिनेमाचं आहे.”
मेंबरांनी शोनंतर मत दिलं: हा सिनेमा लाडका, कल्ट नाही. एकमताने. दोन्ही तट जुळले, तेवढं श्रेय माझं. पण मेंबरांचं असंही म्हणणं पडलं की मधल्या रांगेतली मंडळी मात्र शंभर टक्के कल्ट आहेत, आणि ती दर महिन्याला येतील का. मॅडमनी हे मला अगदी गंभीरपणे विचारलं.
प्रोबेशन वाढलं. लिखाण तूर्त बंद. उद्यापासून तिकीट खिडकी.
हे एका अर्थी बरंच झालं. प्रेक्षकांचा अभ्यास खिडकीतूनच होतो.

१८ तारीख, मंगळवार
घरी विचारलं. आत्या कधीही तयार आहे, चपला काढू दिल्या तर. बाबा नाही म्हणाले. माणूस धडधाकट आहे, लग्न झालंय, त्याच्यासाठी कशाला उभं राहायचं.
लॉन्ड्रीत सगळ्यांनी आईला निकालाबद्दल विचारलं. तिने सांगितलं, मुलीला खिडकी दिली आहे, स्वतंत्र, काचेची.

२२ तारीख, शनिवार
लोकांनी मागणी केली म्हणून सिनेमा पुन्हा लावलाय. कल्टमध्ये नाही, साध्या खेळांत. खिडकीवर रांग.
एका बाईंनी काचेपलीकडून विचारलं, लहान मुलं आहेत बरोबर, घाबरतील का, शेवट चांगला आहे ना?
मी खरं तेवढंच बोलते. म्हटलं, “लग्न होतं, असं ऐकलंय.”