ठोकळ्याखालच्या विटा

३ डिसेंबर

आज पुन्हा मारलं मनिषनं! कानाखाली. कारण काय — कानातल्या फुलाची डाय, म्हणजे पोलादी साचा, वाया गेली. छिन्नी निसटली नवऱ्याच्या हातातून, पोलादावर ओरखडा उठला, आणि गाल माझा. नणंद मध्ये पडली तर तिलाही ढकललं. धाकलीच ती, पण जीव लावते.

नंतर उजवा हात भिंतीवर आपटत बसला. "मुंग्या आल्यात. कुणाला मारलं तरी हाताला कळत नाय." मला कळतं ना! मेल्याचा हात झडो.

४ डिसेंबर

मनिषला कासा गावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मानेत शीर दबलीय. बारा वर्षं पाटावर बसून, मान खाली घालून ठोकतोय. डाय ज्यावर ठेवून ठोकतो तो ठोकळा उंच करा, नाहीतर हात जाईल.

आल्या आल्या मी नि धाकलीनं ठोकळ्याखाली विटा लावल्या. शेजारून स्टूल आणलं.

५ डिसेंबर

विटा लाथेनं उडवल्या. एक माझ्या नडगीवर. "बापानं पाटावरच शिकवलं. डाय नाकाखाली लागते!" रक्त पुसलं, भाकरी टाकल्या.

२० डिसेंबर

हातोडी धरता येईना, म्हणून माझ्यावर फेकली! खांबाला लागली. वीतभर खाली असती तर मी हे लिहायला नव्हते.

मी ती उचलली आणि त्याच्या पाटावर बसले. तो अंगावर आला. हातोडी उगारली — "ये!" म्हटलं. बसला खाली. इतकं बरं मला लग्नातही वाटलं नव्हतं.

२ जानेवारी

माल न्यायला डहाणूचे जतीनशेठ आले. "अरे बेन, तू तर मनिषपेक्षा साफ मारते!" इतकी वर्षं शेजारी बसून कानस घासली, बघून शिकलेच की. मनिष ओट्यावर.

९ जानेवारी

धाकलीनं विटा लावून दिल्या. पण उंचावर बारीक नक्षी हाताला बसत नाही, काम रेंगाळतं. शेठना घाई. काढून टाकल्या.

१४ मार्च

मान धरलीय. धाकलीनं तेल चोळलं. रोज तिचं एकच — विटा, विटा. डोकं उठतं!

६ जून

छिन्नी निसटली. डाय गेली. धाकली हळूच म्हणाली, "वहिनी, विटा लावू का?"

मी तिच्या थोबाडीत मारली. ओठ फुटला तिचा.

हाताला काहीच कळलं नाही.