जिन्यातल्या डब्याच्या झाकणाबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
इंटरनेट सेवा कार्यालय, दुसरा मजला.

विषय: अर्जदाराच्या चार तक्रारी मागे घेऊन दुरुस्तीवाल्या ताईंना आमच्या भागात परत पाठवण्याबाबत.
संदर्भ: त्याच चार तक्रारी, तावातावानं लिहिलेल्या.

महोदय,

हातातला शिक्का जरा बाजूला ठेवा आणि खुर्चीला पाठ टेका. गोष्ट ऐकण्यासारखी आहे, आणि तिच्यातलं गाढव कोण ते शेवटी कळतं.

१. अर्जदार चाळीस वर्षं पत्र्याच्या कारखान्यात राबला. त्याच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती वरच्या मजल्यावर, दरवाजा खाली. म्हणून लेकीनं खालच्या दाराला वायफायवर चालणारं कुलूप आणि कॅमेऱ्याची बेल लावली, आणि त्यांच्यासाठी वायफायचे दोन डबे बसवून दिले. वरचा मुख्य, जिन्यातला त्याचं वायफाय खाली दारापर्यंत पोचवणारा निरोप्या. बेल वाजली की बायकोनं मोबाइलवर माणूस बघायचा, बोट लावायचं, की खाली कुलूप उघडलं! मैत्रिणींचा राबता सुरू झाला, घर हसायला लागलं.

२. आठ दिवसांत कुलूप रुसलं, बेल मुकी झाली. मैत्रिणी खालून हाका मारतात, बायको वरून, आणि अर्जदार बाजारात. दुरुस्तीवाल्या ताई आल्या. डबा बंद-चालू केला, कुलूप नव्यानं जोडलं, सगळं ठणठणीत. त्यांची पाठ वळली की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. असं चार वेळा. चौथ्या तक्रारीत अर्जदारानं लिहिलं, की ताई काम न करताच सही घेतात. लिहिताना फार बरं वाटलं होतं. आपण ताईंना उचलून गोदामात बसवलंत.

३. परवा ताई न कळवता आल्या, विसरलेला टेस्टर न्यायला. जिन्यात थबकल्या. "काका, हे काय?"

डब्यावर पत्र्याचं झाकण होतं. अर्जदारानं स्वतः केलेलं, कडा वळवून, रिव्हेट मारून. कारण डबा उबदार, आणि मांजर त्याच्यावरच झोपायचं.

"मी यायचे तेव्हा हे कुठं असायचं?"

आता कारखान्याची रीत अशी, की तपासनीस येणार म्हटलं की यंत्रावरचं झाकण काढायचं, यंत्र पुसून ठेवायचं. ताई फोन करून यायच्या. अर्जदार झाकण काढायचा, ताई गेल्या की परत घालायचा.

ताई पायरीवर बसून पोट धरून हसल्या. "अहो काका, वायफायला पत्रा म्हणजे भिंतच की!" झाकण काढलं, वर बायकोनं मोबाइलवर बोट लावलं, तसं कुलूप खट्‌कन उघडलं. वरून बायको ओरडली, "पोरी, आधी यांच्या डोक्यावरचं झाकण काढ!"

मांजर आता डब्यावर झोपतं. मांजरातून वायफाय जातं, ताईंनी तपासलंय.

४. तरी ताईंवरचा ठपका पुसून अर्जदाराच्या नावावर घालावा, तिथं भरपूर जागा आहे. ताईंना आजच आमच्या भागात परत पाठवावं. आजच अशासाठी, की ताईंची बदली रद्द झाल्याशिवाय बायको कुलूप उघडणार नाही म्हणते. किल्लीही तिच्याकडेच आहे. सदर अर्ज अर्जदारानं बाहेरच्या पायरीवर बसून, मांडीवर तेच झाकण घेऊन लिहिला आहे.

आपला, चुकीसकट नम्र,
(सही)
पत्रेवाले काका
सोमवार, सकाळ

सोबत: पत्र्याचं झाकण, एक नग. काम चोख आहे, भंगारात घालू नका. पाण्याच्या पिंपावर ठेवा, पण साहेब, तुमच्या राउटरवर तेवढं ठेवू नका.