गिरिजाचं घर कोणतं

१४ एप्रिल १९८६
सोलापूरच्या कॉन्व्हेंटात रविवारी हॉस्टेलच्या पायरीवर बसून गिरिजा माझी वेणी घालायची, मी तिची. लाल रिबन एकच. ती कात्रीनं कापून दोघींनी अर्धी अर्धी घेतली. माझी अर्धी अजून ट्रंकेत आहे.
आता ती सिनेनटी नीलाक्षी, हिरोच्या आईची कामं करते. दूरदर्शनवाले नामवंतांची घराणी शोधतायत. तिचा आजा म्हणे आमच्याच येरमाळ्याचा. कोणत्या घरचा, ते गावात कुणाला ठाऊक नाही. मला आहे. आमच्या घरचा. नाकच सांगतं. तसं दूरदर्शनला पत्र टाकलं.

२२ एप्रिल
उत्तर आलं. शूटिंग ३ मेला, आमच्याच अंगणात; गिरिजाही येणार. प्रत्येक घराच्या पिढ्या तोंडपाठ असलेला हेळवी कॅमेऱ्यासमोर वंशावळ म्हणणार. मला मिरवायची हौस नाही. सोफ्याला कव्हरं तेवढी शेजारच्या शांतलिंगच्या सुनेकडून मागून आणली.

२६ एप्रिल
हेळवी बसप्पा बैलावरून आला. दोन पायली ज्वारी घातली. गिरिजाचा आजा आमच्यात धरावा, असं मायेनं सुचवलं. म्हणाला, “आक्का, जे हाय ते म्हणणार. पदरचं एक नाव घालत न्हाय.”
ज्वारी मात्र घेतली. म्हणजे होकारच.

२ मे
चार दिवसांनी टँकर आला. आमच्याकडं भाकरी करणाऱ्या इरम्माला दोन हंडे अंगण धुवायला राखायला सांगितले. तिच्या घरी प्यायला नाही म्हणाली. एका दिवसाचा प्रश्न, म्हटलं.
गिरिजासाठी शेंगापोळ्या केल्या. ऊन फार.

३ मे, दुपार
बसप्पानं आमच्या सहा पिढ्या म्हटल्या. आजा नाही. मी खुणा केल्या. त्यानं माझ्याकडं बघितलं, दम घेतला आणि पुढचं घर धरलं. तिसऱ्याच नावाला आजा निघाला. इरम्माच्या सासऱ्याचा सख्खा भाऊ.
गिरिजा इरम्माच्या गळ्यात पडून रडली. कॅमेऱ्यासमोर इरम्माला बसवायला तिच्या घरी माझीच खुर्ची नेली. मग ती माझ्याकडं वळली. मी हात पुढं केला.
“काकू, पाणी मिळेल का?”
पाणी अंगणात वाळलं होतं. शेजारून तांब्या मागून आणला तो इरम्मानंच.

४ मे
मनाला काही लागलेलं नाही. आठवणीसाठी लिहिते:
कव्हरं शांतलिंगच्या सुनेला परत.
शेंगापोळ्या इरम्माला. सगळ्या.
टँकरचे पहिले दोन हंडे तिच्याच घरी.
खुर्ची तिनं ठेवावी.
अर्धी रिबनही तिच्याकडं, गिरिजा परत आली तर द्यायला. कुणी दिली विचारलं, तर काकूनं म्हणावं.