इंग्रजी बरोबर, वाक्य चूक

बाई, तुम्ही जाऊन वीस वर्षं होत आली आणि तुम्हाला काही सांगावं असं मला सुचतंय ते आत्ता, पन्नाशी उलटल्यावर. मी चोपड्याजवळ केळीच्या एका पॅकहाउसमध्ये कामाला आहे. शेतातून घड येतात, आम्ही बायका त्यांच्या फण्या सोडवतो, चीक जावा म्हणून तुरटीच्या पाण्यात धुतो, वाळवून खोक्यांत भरतो, आणि ती खोकी कंटेनरमधून परदेशी जातात. धुण्याच्या टाक्या माझ्याकडे आहेत. सगळे मला अक्का म्हणतात, मालकसुद्धा. तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघणारी ती मीच, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही ओळखायच्या नाहीत.

तुमचा तो एक जाचक नियम होता. इंग्रजीचा तास सुरू झाला की पाच जणींनी उभं राहून आपापल्या घरातलं एकेक वाक्य सांगायचं, आणि ते खरं असायला हवं. गाइडमधलं पाठ केलेलं चालायचं नाही. शंका आली की संध्याकाळी तुम्ही चालत त्या घरी जायचात. एकीनं ‘वुई हॅव फोर बफेलोज’ असं ठोकून दिलं, तर तुम्ही तिच्या दारात हजर. म्हैस निघाली एकच, तीही भाकड. कोरा चहा पिऊन तुम्ही परत आलात.

मी सांगितलं होतं, ‘माय फादर इज अ फार्मर.’ वहीतही वळणदार अक्षरात लिहिलं होतं. त्याच संध्याकाळी तुम्ही आमच्याकडे आलात. आई चुलीपुढे कळण्याच्या भाकरी थापतेय. आबा नुकतेच केळीच्या कापणीवरून आलेत, अंगात चिकाच्या डागांनी काळा पडलेला सदरा. तुम्ही ओट्यावर टेकता आणि विचारता, “तुमचं शेत कोणत्या शिवारात आहे?” आबा हसतात आणि भिंतीला अडकवलेल्या विळ्याकडे बोट करतात. “शेत लोकस्नं शे बाई, इया तेवढा मना.” मी दाराआड मेल्याहून मेल्यासारखी. तुम्ही माझी वही मागता, त्या वाक्यावर आडवी रेघ ओढता आणि म्हणता, “इंग्रजी बरोबर, वाक्य चूक.”

मला तुमचा इतका राग आला होता, बाई. तुम्ही गेल्यावर मी आदळआपट केली, तर आबा भाकरीचा घास मोडत शांतपणे म्हणाले, “बाई बराबर सांगस. मी केया कापस. त्यामा लाज कसानी?” तरी मला आठ दिवस लागले. मग एकदा वर्गात उभी राहिले आणि म्हटलं, ‘माय फादर कट्स बनानाज.’ मुली हसल्या. तुम्ही मात्र लगेच विचारलंत, किती वाजता जातात, कोण बरोबर असतं, काय खातात. बनाना, मॉर्निंग, फोर, ब्रेड, आणि भाकरीला इंग्रजी शब्द नाही हेसुद्धा त्याच दिवशी कळलं. पुढचा प्रश्न आला तरी मला उत्तर माहीत होतं, कारण ते आमच्याच घरातलं होतं. माझं इंग्रजी जे काही आहे ते तिथून सुरू झालं आणि दहावीला थांबलं.

गेल्या हिवाळ्यात माल घेणाऱ्या कंपनीकडून एक तपासनीस बाई आली. दक्षिणेकडची, तरुण, मराठी येत नव्हतं, हिंदीही जेमतेम. त्या दिवशी पहाटेपासून लाइट नव्हती, मोटर चालली नव्हती आणि टाक्यांत आदल्या दिवशीचंच पाणी होतं, चिकानं गढूळ झालेलं. मालक हळूच म्हणाले, “अक्का, तिनं काही विचारलं तर नुसतं यस म्हणा. आजचा कंटेनर अडकला तर पुढची ऑर्डर जाईल. मग तुम्हा बायकांना मी काम कुठून देऊ?” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. अठरा जणींची चूल त्या टाक्यांवर पेटते.

तिनं पाण्यात बोट बुडवलं आणि विचारलं, “व्हेन डिड यू चेंज धिस वॉटर?” मी म्हटलं, “यस.” ती थांबली आणि पुन्हा म्हणाली, “व्हेन?” मी मालकांकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, आणि तोंडातून निघालं, “नो लाइट. वुई डिड नॉट चेंज द वॉटर टुडे.” मालकांचा चेहरा उतरला. तिनं काम थांबवायला सांगितलं तशी शेजारची घाबरून कुजबुजली, “काय सांगं व अक्का तू तिले?” मी म्हटलं, “जे शे ते सांगं.”

ऑर्डर गेली नाही, बाई. तिनं ट्रॅक्टरवर टँकर मागवायला लावला, टाक्या घासून घेतल्या, सकाळचा सगळा माल पुन्हा धुवायला लावला, आणि कंटेनर दिवेलागणीला निघाला. मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आपला फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, “ती तुमच्याशीच बोलायचं म्हणते.” आता दर आठवड्याला तिचा फोन मीच घेते. जेवणाच्या सुट्टीत बायका मला शब्द विचारतात, वाक्यं जुळवतात, चुकली की खिदळतात. मी सुखात आहे, हे तुम्हाला कळावं असं फार वाटतं.

हे पत्र टाकायचा प्रश्नच नाही, आणि इथं कुणाला वाचूनही दाखवणार नाही. कारण मी ‘मॉर्निंग सिक्स’ म्हणणार होते, बाई. अगदी जिभेवर आलं होतं. पण लाइट नव्हती तर पाणी कसं बदललं, असं तिनं पुढे विचारलं असतं, आणि तिथून पुढे खोटं रेटायला लागतं तेवढं इंग्रजी माझ्याकडे नव्हतं. बायका अजून नव्या आलेलीला सांगतात, आमची अक्का कुणाच्या बापाला भीत नाही. मी ऐकते आणि फण्या धूत राहते.