बंद खोलीतली ओल

८ जानेवारी

ओल माडीवरच्या खोलीत आहे. उत्तरेची भिंत, पलंगाच्या डोक्याशी. माणूस टेकून बसला तर जिथे पाठ येईल, बरोबर तिथे. पाऊस जाऊन महिने झाले, तरी! चुना फुगलाय. बोट लावलं की भुगा हातात येतो.

भावजी गेल्यापासून ही खोली बंद होती. भाच्याने कुलूप काढून दिलं. फाटकावर ‘ऐतिहासिक वास्तू’ अशी पाटी आहे; म्हणाला, आईच्या गळ्यातही एक अडकवायला हवी. मग मुद्द्यावर आला. ‘मावशी, तू फक्त लिहून दे. घर राहण्यालायक नाही. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल.’

ताई जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होती. वर आली नाही. तो गेल्यावर म्हणाली, ‘मला इथून हलवू नकोस.’

भिंत कोरडी करून देते म्हटलं. मग तो काय बोलणार? त्यालाही फोनवर तेच सांगितलं. कबूल झाला.

९ जानेवारी

मिस्त्रीबरोबर छपरावर चढले. जुन्या घरांची माझी सगळी कामं तोच करतो. एक कौल सरकलेलं नाही. पन्हळ साफ, वासे कोरडे. मिस्त्रीचं मत – भिंतीला घाम फुटलाय, तुमच्या भाच्याला बघून.

१० जानेवारी

जमिनीतून चढलेली ओल असती तर खालची खोली आधी भिजली असती. ती ठणठणीत. माडीवर नळ नाही, कधी नव्हताच. वरून नाही, खालून नाही.

११ जानेवारी

ओलीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवला. आमची जुनी युक्ती. पाणी तुकड्याच्या मागे साठलं तर ते भिंतीतलं. पुढे साठलं तर खोलीतल्या हवेतलं. दाराला कुलूप. किल्ली माझ्या उशाखाली.

१३ जानेवारी

मागे कोरडं. पुढे थेंब!

म्हणजे वाफ. ती येते स्वयंपाकाची, आंघोळीची, नाहीतर श्वासाची. थंडीत सकाळी खिडकीच्या काचेवर धरतं ते झोपलेल्या माणसाच्या श्वासाचंच पाणी. गार भिंतीवरही तसंच धरतं. पण या खोलीत कोणी झोपत नाही.

ताईला विचारलं – दुसरी किल्ली आहे का? रात्री वर जातेस का? ती शेंगा सोलत होती.

‘वर कशाला जाऊ? खाली ऐकू येतं की.’

काय ऐकू येतं ते विचारलं नाही. नंतर तीच आपणहून सांगत बसली – ह्यांना वारा सोसायचा नाही, शेवटी शेवटी खिडकीची फटसुद्धा कागद चिकटवून बुजवली होती, दम लागला की उशी टेकून बसूनच झोपायचे.

मीही मूठभर शेंगा सोलायला घेतल्या.

१४ जानेवारी

इतका सोपा उपाय बऱ्याच दिवसांत लिहिला नव्हता. खिडकी उघडायची. कोरडी हवा आत येऊ द्यायची. फुगलेला चुना खरवडून पुन्हा चुन्याचाच गिलावा. बस्स.

ताईने विचारलं, दुसरं काही करता येणार नाही का. मी नाही म्हटलं. ‘बरं,’ म्हणाली.

१५ जानेवारी

खिडकी उघडली. कागद आणि रंग मिळून चौकट पक्की धरली होती. मिस्त्रीला छिन्नी लावावी लागली. फळ्या सुटल्या तशी आतली हवा बाहेर निघाली. कोमट. मिस्त्री अंग चोरून बाजूला सरला – जिन्यात कुणाला वाट द्यावी तसा. मग माझ्याकडे बघून हसला. चेष्टा मात्र केली नाही.

१६ जानेवारी

रात्रभर खिडकी सताड उघडी. ताईच्या खोलीत दिवा होता.

२५ जानेवारी

भिंत कोरडी. गिलावाही छान बसलाय. भाचा आला, तळहात फिरवून पाहिला, वास घेतला. हार मानली त्याने! ‘राहू दे तिला,’ म्हणाला.

धावत खाली गेले. ताई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. बॅग उघडी.

‘मी जाते त्याच्याकडे.’

अगं, पण भिंत सुकली, तो हो म्हणाला – मी काय काय बोलत सुटले. तिने पोलक्याची घडी नीट केली.

‘भिंतीसाठी राहिले होते का मी? आता रात्री नुसतं शांत असतं. झोप लागत नाही गं.’

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

२७ जानेवारी

ताई गेली. गाडीत बसताना घराकडे वळूनही पाहिलं नाही. भाचा गोंधळलेला – जिच्यासाठी एवढं भांडलो ती गोष्ट अशी आपसूक हातात पडल्यावर माणूस गोंधळतोच. मी एकटी वर गेले. गिलाव्याला हात लावला. चांगलं काम झालंय. इतकं चांगलं की तिथे काही होतं असं वाटू नये.

१२ फेब्रुवारी

भाच्याचा फोन. त्याच्याकडे ताईच्या खोलीत भिंतीवर ओल आलीय. नवी इमारत, सातवा मजला, त्या भिंतीत नळ नाही. ‘आणि मावशी, आई झोपते तिथे नाही. पलंगाच्या पलीकडच्या बाजूला.’

ताई कशी आहे, विचारलं.

मजेत आहे म्हणे. गाढ झोपते.

खिडकी उघडी ठेवू का, म्हणाला. नको म्हटलं. लावून घे.