गाडी सावलीतच उभी राहील

३ जून
आजपासून अपघात प्रतिबंध कक्षाचा प्रमुख. खुर्ची फिरती. संकल्प: आरोग्य केंद्राच्या फाटकासमोरचे अपघात वर्षभरात शून्य. कारण एकच, लोकांना शिस्त नाही. उपाय: पोस्टर. ‘घाई नको, घरी कुणी वाट बघतंय.’ मजकूर माझा.

५ जून
सिस्टरांनी भिंतीवर नकाशा लावला. प्रत्येक जखमीमागे एक लाल टाचणी. सात टाचण्या, सगळ्या फाटकासमोरच्या झेब्रा क्रॉसिंगवर. म्हणाल्या, साहेब, सातही बेशिस्त माणसं नेमकी इथंच कशी येतील? दोष जागेचा आहे. म्हटलं, जागा चालत नाही, माणसं चालतात. छान सुचलं, म्हणून लिहून ठेवतोय.

९ जून, दुपार
फॉर्म तयार केला. अपघाताचे कारण: (अ) चालकाचा निष्काळजीपणा (ब) पादचाऱ्याचा निष्काळजीपणा. सिस्टरांना (क) हवा होता, रस्त्याची रचना. विचारलं, जबाब द्यायला रस्ता येणार का? फॉर्म उचलून गेल्या. जिंकलो.

१२ जून
सिस्टर टेप घेऊन रस्त्यात. मग केबिनमध्ये. म्हणाल्या, क्रॉसिंगला चिकटून एक पांढरी गाडी नऊ ते सहा उभी असते, तिच्याआड पोरं दिसत नाहीत. म्हटलं, ती माझी आहे. म्हणाल्या, माहितेय.
उद्धटपणा. तिथं झाड आहे. चौदा वर्षं तिथंच लावतो.

१५ जून
समोरची शाळा सुरू. आमची मुलगी तिथंच जाते. म्हणाली, बाबा, तुमच्या गाडीआडून कासवासारखी मान काढून बघावं लागतं. म्हटलं, यालाच सावधगिरी म्हणतात. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, गाडी मागे लावायला हात मोडतो का?
हलवणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१८ जून
पोस्टरं आली. दोनशे. डिकीत ठेवली. उद्या लावतो.

१९ जून
ऊन फार. उद्या.

२३ जून
डाव्या हाताने लिहितोय.
पोस्टरं काढायला निघालो. फाटकातून येऊन डिकीकडे जायला गाडीला वळसा घातला, क्रॉसिंगवर पाऊल टाकलं, स्कूटर. स्कूटरवाली रडकुंडीला आलेली. काका, गाडीआडून एकदम आलात, दिसलाच नाहीत हो. सावकाश चालवत होती बिचारी.
सिस्टरांनी हात बांधला आणि फॉर्म पुढे केला. (अ) म्हणावं तर ती निर्दोष. (ब) म्हणावं तर मी. अर्धा तास बघत बसलो. कोराच परत दिला. आठवी टाचणी त्यांनी जरा जोरातच टोचली.

१४ जुलै
हात प्लास्टरमध्ये, गाडी घरी. सिस्टरांचा फोन: तीन आठवड्यांत नवी टाचणी नाही. म्हटलं, बघा, पोस्टरांचा परिणाम! त्यांनी फोन ठेवला.
ही आत्ताच विचारून गेली, डिकीतला गठ्ठा रद्दीत देऊ का?

४ ऑगस्ट
प्लास्टर निघालं. उद्या ऑफिस. बसने. हात दुखतो म्हणून. फक्त म्हणून. सावलीवरचा हक्क सोडलेला नाही.

५ ऑगस्ट
माझ्या जागेवर सिमेंटच्या तीन कुंड्या. न विचारता. फाटकातच उभं राहून निषेधाचं पत्र लिहायला घेतलं. ‘चौदा वर्षे’ इथवर आलो, तेवढ्यात शाळा सुटली. मुलगी पलीकडच्या कडेवरून ओरडली, बाबा, तुम्ही इथून दिसताय!
पत्र उद्या.