घोसातले चार दाणे

१२ एप्रिल

नवऱ्याने, इगुताकने, आज सील आणला — या वसंतातला पहिला! स्वयंपाकघरात पुठ्ठा अंथरला. आधी सीलच्या तोंडात गोड्या पाण्याचा घोट सोडला. खाऱ्यात जन्म काढलेला जीव, तहानलेलाच असतो बिचारा. मग चंद्रकोरीसारखी माझी उलू सुरी चालवली. कलेजी अजून ऊन होती, ती आम्ही दोघांनी तिथेच बसून कच्ची खाल्ली.

मग वाटणी. मागचा पाय पलीकडच्या घरी, बरगड्या इगुताकच्या चुलतभावाला, आतडी शेजारच्या म्हातारीला. ज्याचा भाग ठरला तो त्याचाच, जन्मभर. गुर्दे धाकट्या बहिणीचे, निलाउलाकचे. ती तिकडे दक्षिणेत एडमंटनमध्ये, आठवड्यातून तीनदा रक्त धुणाऱ्या मशीनला जोडलेली, आणि डॉक्टरांनी तिला हे खायचीही मनाई केलीय. तरी तिच्या नावाची पिशवी बांधून फ्रीजरमध्ये ठेवली. दुसऱ्या कुणाला द्यायला हात होत नाही.

१५ एप्रिल

दवाखान्यातून बोलावणं आलं. फोनवर एडमंटनचा डॉक्टर, मध्ये आमची दुभाषी रेबेका. निलाउलाकचे दोन्ही गुर्दे कायमचे गेले. सख्खी बहीण म्हणून मी देईन का, असं विचारत होता.

मी लगेच हो म्हटलं. रेबेका म्हणाली, "घरी जाऊन विचार कर, घाई नाही." त्यात कसला विचार? गुर्दा म्हणजे, सीलचा कापताना बघतेच मी, पिकल्या बेरींचा घोस. शंभर-दीडशे दाणे, प्रत्येक दाणा आपापलं रक्त गाळत बसलेला. त्यातले चार काढले तर घोसाला कळणारसुद्धा नाही.

१६ एप्रिल

इगुताकबरोबर बर्फावर गेले. तो सीलच्या श्वासाच्या भोकापाशी उभा, मी कातड्यावर आडवी. ऊन इतकं पांढरं की डोळे मिटूनही दिसत होतं. माझ्याखाली बर्फ, बर्फाखाली काळं पाणी, आणि त्यात कुठेतरी सील. खाली गेला की त्याचं हृदय हळू होतं. एक ठोका... मग बऱ्याच वेळाने दुसरा. हातापायांचं रक्त मागे वळून मेंदूकडे जातं. मीही श्वास धरून पाहिला. माझे दाणे आतल्या आत दिव्यांसारखे लुकलुकत होते, त्यातले चार उठून दक्षिणेकडे निघाले. झोपच लागली मला! इगुताकने उठवलं तेव्हा गालावर दव गोठलं होतं. सील आलाच नाही म्हणे.

१९ एप्रिल

वारा. दिवसभर कातडं ताणून चरबी खरवडली. बरं वाटलं.

२३ एप्रिल

कुठून दुर्बुद्धी झाली आणि घोसाचं इगुताकला सांगितलं. तो चहा सांडेपर्यंत हसला.

"अगं, कॅरिबू हरणं कापलीस ना इतकी? हरणाचा गुर्दा कसा असतो? गुळगुळीत, अख्खा. माणसाचाही तसाच."

मी म्हटलं, "आपण काय गवत खातो? आपण सील खाऊन वाढलो. जे खातो तेच अंगात होतं, आई म्हणायची."

"म्हणून तुला मिश्या फुटल्या होय!"

तडक दवाखान्यात गेले. नर्सबाईने भिंतीवरचं चित्र दाखवलं. खरंच कॅरिबूसारखा. दोन बाजूंना दोन, आणि त्यातला एक ते मुळापासून काढतात, नळ्यांसकट. दाणे नाहीतच.  

२४ एप्रिल

भीती वाटते. इथे लिहिते, दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. उरलेला एकटा थकला तर? जन्मभर शेजारी काम करणारा एके दिवशी नाहीसा झाला, तर त्याला कळेल का? इगुताक म्हणतो, विमानं हवेमुळे रद्द होतच असतात, तू गेली नाहीस तर कुणी दोष देणार नाही. त्याला मी हवी आहे. मला राग येत नाही त्याचा.

२८ एप्रिल

निलाउलाकचा फोन. तिने ऐकलं होतं, अख्ख्या वस्तीने ऐकलंय माझ्या घोसाचं. हसली, मग खोकली. म्हणाली, "नको, ताई. चार दाण्यांवर हो म्हटलं होतंस, ते धरून बसू नकोस."

फोन ठेवला आणि आतडं तुटलं माझं. ती माझीच पाठची. जन्मली त्याच दिवशी आईने तिला मावशीच्या पदरात घातलं, मावशीला मूल नव्हतं म्हणून. आमच्यात देतात असं. मला ठेवलं. आई नंतर पाच-सहा दिवस भिंतीकडे तोंड करून निजायची, मी पाठीमागून तिला मिठी मारायचे. तिने काही चार बोटं काढून दिली नव्हती! अख्खी दिली.

संध्याकाळी रेबेकाला सांगितलं, तिकीट काढ.

३० एप्रिल

इगुताक रुसलाय. तरी माझे बूट नव्या कातड्याने शिवून ठेवले. टाका वाकडा आहे, पण पाणी शिरणार नाही.

४ मे

एडमंटन. झाडं इतकी की क्षितिज कुठे ठेवलंय ते सापडत नाही. निलाउलाक हलकी झालीय, मशीनच्या नळीसाठी शीर जोडलीय तिथे, मनगटापाशी, रक्त गुणगुणतं — बोट ठेवलं की कळतं. तिच्या शेजारी बसले. तिचं रक्त नळीतून मशीनमध्ये जात होतं, धुऊन परत येत होतं. चार तास! एवढं अवजड यंत्र, आणि मुठीएवढा गुर्दा हेच काम झोपेतसुद्धा करतो.

मला आता भीती वाटत नाही. मावशीकडून ती आमच्याकडे खेळायला यायची आणि जाताना उंबऱ्यात रेंगाळायची, ते सारखं आठवतंय.

६ मे

आज पोटावर गार चिकट काहीतरी लावून आत बघितलं. पडद्यावर करडं करडं, विमानातून बर्फ दिसावा तसं. मी त्यात तरंगत होते. बघणारी मुलगी एका बाजूला यंत्र पुन्हा पुन्हा फिरवत राहिली, मग मोठ्या डॉक्टरला घेऊन आली. उद्या सांगतो म्हणाले.

७ मे

एकच आहे. डावा. जन्मापासून एकच, दोघांचं काम करून मोठा झालेला. द्यायला माझ्याकडे काहीच नाही! निलाउलाकला सांगायला गेले आणि तिची उशीच सारखी करत बसले, शेवटी इथल्या दुभाषी बाईनेच सांगितलं.  निलाउलाक नळ्या सांभाळत माझ्याकडे सरकली. म्हणाली, "मग तुझा दुसरा गुर्दा आईने मला मावशीकडे देताना माझ्याबरोबर बांधून दिला असणार. माझ्यात तीन आहेत, ताई. डॉक्टरांना म्हणावं, नीट शोधा." आम्ही दोघी इतक्या हसलो की नर्स धावत आली.